विमानातलं न्हाणं

माझ्या भावाने जन्मभर विमानं झिजवली. बडोद्यात इंजिनिअर झाला, अमेरिकेला गेला, तिथल्या कंपनीची यंत्रं बसवत देशोदेशी हिंडला. बडोद्याला यायला तेवढी त्याला सवड मिळत नसे. हे मी रागानेच लिहिते आहे, आणि तो राग अजून गेलेला नाही. इतक्या प्रवासाचे विमान कंपनीकडे मैल साठतात म्हणे, बँकेत पैसे साठावेत तसे. पोटाच्या कॅन्सरने आडवा झाल्यावर त्याने हॉस्पिटलच्या खाटेवरून ते सगळे मैल मोडले आणि आईचं नि माझं पहिल्या वर्गाचं तिकीट काढलं.

आई ऐंशीच्या पुढची. गुडघे गेलेले, मधुमेह जुना. तो दर वर्षी "ये" म्हणायचा आणि ती दर वर्षी म्हणायची, "तू ये, मी कशाला?" दोघंही हट्टी. नागरवाड्यातलं घर सोडून ती कधी मुंबईलासुद्धा चार दिवस राहिली नाही. पण या वेळी फोनवर त्याचा आवाज ऐकला आणि फोन खाली ठेवता ठेवता तिने मला विचारलं, "पासपोर्ट लागतो ना गं?"

पासपोर्ट आणि व्हिसा होईपर्यंत आमच्या जिवात जीव नव्हता. भाऊ मला वेगळा फोन करायचा. "आईला आण ताई, ती येईपर्यंत मी कुठे जात नाही." शेवटी शेवटी हेही तो धापा टाकत म्हणायचा. आई रोज देवापाशी बसून एकच मागायची, "त्याने मला ओळखायला हवं." बरा कर असं तिने मागितलं नाही. तेवढं तिला कळत होतं.

निघताना समोरच्या बा दारात आल्या, "जय श्रीकृष्ण, दीकराने मळीने आवजो" म्हणाल्या, लेकाला भेटून या. आईने मान हलवली. अमदावादहून आखातातल्या एका शहरात उतरलो आणि सकाळी तिथून अमेरिकेच्या मोठ्या विमानात चढलो.

पहिला वर्ग म्हणजे काय, ते मला तोवर सिनेमात बघूनही कळलं नव्हतं. प्रत्येकाला सरकत्या दाराची लहानशी खोलीच. आत रुंद खुर्ची, तिचा पलंग होतो. मधल्या दोन खोल्या आमच्या होत्या. मधला पडदा खाली केला की आई माझ्या हाताशी. मखमली पेटीतून साबण, अत्तर, मऊ कापडाचा पायजमा-सदरा दिला. आईने तो उलगडून पाहिला आणि परत घडी करून ठेवला. "मी काय आता पायजमे घालू?" म्हणाली.

आईची एक गंमत आहे. माणूस मराठी नसला की ती गुजरातीत बोलते, मग तो बंगाली असो की गोरा. बडोद्यातल्या आमच्या घरांतल्या म्हाताऱ्यांची ही जुनीच खोड. आमची हवाईसुंदरी पूर्व युरोपातली कुठली तरी होती, उंच, सोनेरी केसांची. आई तिला सरळ म्हणाली, "बेटा, जरा गरम पाणी आपजे ने." आणि त्या बाईने गरम पाणी आणून दिलंही. नंतर तिने चांदीच्या वाटीत काळे मणी आणले. आईने विचारलं काय आहे, मी म्हटलं, माशांची अंडी. आईने पदर नाकाला लावला आणि हाताने "जा, जा" केलं. मला हसू आलं. त्या प्रवासात मी हसले ती तेवढीच.

समोरच्या पडद्यावर नकाशा होता आणि त्यावर विमानाचं चित्र. आई त्याच्याकडे टक लावून बसली होती. "हे हलतच नाही," ती सारखी म्हणायची. मी म्हटलं, "हलतंय आई, आपल्याला दिसत नाही." "मग जोरात चालव म्हणावं त्याला." पुढे तिचा डोळा लागला. मी पांघरूण घातलं आणि जेवणाआधी द्यायची इन्सुलिनची सुई काढून ठेवली.

विमानात इंटरनेट चालत होतं. फोन उघडला तर भाच्याचा मेसेज. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत: आत्या, बाबा गेले. झोपेतच गेले. आजीला आत्ता सांगू नकोस, इथे आल्यावर मी सांगतो.

फोन मी मांडीवर उपडा ठेवला. शेजारी आई तोंड किंचित उघडं ठेवून झोपलेली. खाली कुठला तरी बर्फाळ देश सरकत होता. मोठ्याने रडावं तर चहूकडे श्रीमंत माणसं शांतपणे सिनेमे बघत बसलेली. मला भावाचा इतका संताप आला की सांगता येत नाही. मेल्या, थोडं थांबला असतास. आम्ही निघालो होतो ना?

मग मी विचार केला. सांगितलं तर ती जेवणार नाही, साखर बिघडेल, आणि या उंचीवर मी कुठला डॉक्टर आणू? शिवाय आईच आम्हाला सांगत आली आहे, की कानावर पडेपर्यंत सुतक लागत नाही. म्हणजे मी गप्प बसले तोवर तिच्यापुरता तो आहे. निदान जमिनीवर उतरेपर्यंत असू दे. मी ठरवून टाकलं, आणि आजही मला त्यात काही चुकलं असं वाटत नाही.

पण अडचण माझीच झाली. बडोद्यात तरसालीच्या शाळेत मी जन्मभर विज्ञान शिकवलं. सोवळंओवळं मी मानत नाही, नवऱ्याशी त्यावरून भांडलेही आहे. तरी आई जागी झाली, जेवण आणू का म्हणून ती बाई विचारून गेली, आणि माझा हात आईच्या सुईला लागेना. आमच्याकडे मरणाची बातमी ऐकली की डोक्यावरून आंघोळ केल्याशिवाय कुणाच्या अन्नाला हात लावत नाहीत. लग्न झालेल्या बहिणीला सुतक थोडंच, पण आंघोळ चुकत नाही. आणि आईला मी माझ्या हाताने भरवते, तिचे हात थरथरतात म्हणून. अशी ओवळी मी तिला कशी भरवू? स्वतःशी खूप वाद घातला. काही उपयोग झाला नाही.

त्या बाईला मी इंग्रजीत विचारलं, डोक्यावर ओतायला एक बाटलीभर पाणी मिळेल का?  ती म्हणाली, न्हाणीघर आहे की, चला. पुढे जिन्यापाशी खरंच एक न्हाणीघर होतं. वर फवारा, पाच मिनिटं पाणी मिळतं, किती उरलं ते दाखवणारा एक दिवा हळूहळू कमी होत जातो. ऐषारामासाठी केलेली सोय. मी अंगावरच्या कपड्यांनिशी त्याखाली उभी राहिले. पाणी छान कोमट होतं आणि त्याचीही मला लाज वाटली. कपडे पिळले, दुसरा ड्रेस घातला, केस पुसपुसून घट्ट अंबाडा बांधला आणि ओढणी डोक्यावरून घेतली.

"कुठे होतीस?" आईने विचारलं.

"तोंड धुवायला."

सुई दिली. आधी सांगून ठेवलेला वरणभात आला, सोन्याची कड असलेल्या बशीत. मी कालवला आणि भरवू लागले. आई खुशीत होती. "त्याला म्हणेन," ती म्हणाली, "तुझ्या विमानात वरणभात बरा मिळतो. घरच्यासारखा नाही, पण बरा." मी पुढचा घास केला. 

मग तिची मांडीवरची चादर सरकली, ती उचलायला मी वाकले, ओढणी खांद्यावर घसरली आणि अंबाड्यातलं पाणी तिच्या मनगटावर पडलं.

आईने मनगट पाहिलं. माझे केस पाहिले. तोंडातला घास तसाच राहिला. मग गिळला.

"काल निघताना न्हायली होतीस ना तू?"

मी ओढणी पुन्हा डोक्यावर ओढली.

"कधी गेला?" आई म्हणाली.

"मघाशी. तू झोपली होतीस."

तिने बशी हाताने दूर केली, अगदी हळू. मी म्हटलं, "आई, सुई दिली आहे, जेवायला हवं." ती म्हणाली, "पोटचा गेलाय आणि मी जेवू? जेवलेच की मघापासून." माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मग आधाराला हात पुढे केला. "मलाही ने. जिथे तू केलीस तिथे."

त्या बाईला मी दोन शब्दांत सांगितलं. तिने आईचा दुसरा दंड धरला. आत मी आईला बाकावर बसवलं आणि फवारा सोडला. नेसत्या लुगड्यानिशी ती भिजत होती. पाण्याचा आवाज झाला तशी ती रडू लागली. वडील गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. तोंड उघडं टाकून, लहानपणीच्या त्याच्या नावाने हाका मारत. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी होते आणि मीही रडत होते. दिवा कमी कमी होत लाल झाला आणि पाणी बंद पडलं. आईचं रडणं बंद झालं नाही. दाराबाहेर सगळ्यांना ऐकू गेलं असणार. जाऊ दे गेलं तर.

दुसरं लुगडं सामानात, विमानाच्या पोटात होतं. शेवटी तो मऊ पायजमा आणि सदराच मी तिला घातला, वरून शाल गुंडाळली. तिने एका शब्दानेही विरोध केला नाही. साखर घातलेलं पाणी मी चमच्याने पाजलं, तेही घेतलं. म्हणाली, "पोचायचं तर आहे." खुर्चीचा पलंग करून दिला तर ती त्यावर झोपली नाही, पाय खाली सोडून बसून राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं, मी हट्ट धरला की तो येईल. दर वेळी वाटायचं, आता येईल."  मी तिचा हात धरून ठेवला.

भाच्याला मी काही कळवलं नाही. काय लिहू ते सुचेना.

उतरल्यावर चाकांच्या खुर्चीतून आईला बाहेर आणलं. भाचा समोरच उभा होता. तिशी ओलांडलेला, बापाचंच कपाळ. रात्रभर जागून डोळे सुजलेले, पण दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आजीला कळू नये म्हणून केलेली ती तयारी मला लगेच समजली. मी त्याला खूण करणार तेवढ्यात तो हसून पुढे आला. "आजी, कसा झाला प्रवास?" तोडक्या मराठीत म्हणाला. "बाबा आता झोपलेत. आपण आधी घरी जाऊ, तू आराम कर." आणि बापाने शिकवल्याप्रमाणे नमस्काराला वाकला.

आईने दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"राहू दे, बाळा," ती म्हणाली. "सुतकात नमस्कार करायचा नसतो."

तो वाकलेला तसाच राहिला. मग गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिच्या मांडीत डोकं घातलं. येणारीजाणारी माणसं आमच्या बाजूने वळसा घेऊन जात होती. आई त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली, "चल, ने मला त्याच्याकडे. मी आलेय."