अठरा नावं

“थांबा. क्रम लावूया.”

उजव्या हाताचं बोट वर करून आक्का हे म्हणाल्या की आमच्या शिक्षकखोलीत नजरानजर व्हायची. सहल ठरवायची असो नाहीतर चहाचे कप वाटायचे असोत, आक्कांचा क्रम लागल्याशिवाय पान हलत नसे. कुणी कुरकुरलं तर पुढचं वाक्य ठरलेलं. “क्रम चुकला की माणूस सुटतं.”

बेळगावातल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या आणि साऱ्या शाळेचं वेळापत्रक करायच्या. मी मराठीची. खानापूरकडच्या शेतकरी घरातल्या, लग्न न केलेल्या आक्का रोज बसने यायच्या, तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसून. ती जागा गेली तर बस रिकामी असली तरी उभ्याने. घंटा व्हायच्या आधी दोन्ही कानांवर हात ठेवायच्या. आणि तोंडावर खरं बोलायच्या. एकदा आमच्या चित्रकलेच्या बाई नवी साडी नेसून आल्या. “कशी हाय, आक्का?” म्हणून त्यांनी हौसेने विचारलं.

“मागच्या वर्षीची बरी होती.”

चित्रकलेच्या बाई आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आक्कांच्या ते ध्यानातही आलं नाही.

आता गंमत बघा. आमचे विज्ञानाचे सर तसेच होते. नमस्कार केला तरी भिंतीकडे बघायचे, डबा एकटेच खायचे. त्यांना सगळे म्हणायचे, “सर लई विद्वान, तंद्रीत असतात.” आणि आक्कांना म्हणायचे, “बाईमाणूस असून माया म्हणून न्हाय.” म्हणणाऱ्यांत मीही होते. खोटं कशाला सांगू?

एकदा स्वमग्न मुलांविषयी शिक्षकांचं प्रशिक्षण झालं. पाहुणे डॉक्टर म्हणाले, काही तज्ज्ञांच्या मते पुरुषाचं डोकं रचनेकडे धावतं, बाईचं समोरच्याच्या मनाकडे. स्वमग्नता म्हणजे त्या पुरुषी डोक्याचं टोक. हे सगळ्यांना पटत नाही, असंही त्यांनी सांगितलं. मुली इतरांचं बघून बघून वागायला शिकतात, म्हणून त्यांचं कुणाच्या लवकर लक्षात येत नाही.

आक्कांनी बोट वर केलं. “मग मी कुठल्या रांगेत बसू?”

सभागृह खो खो हसलं. डॉक्टर हसले नाहीत. आक्का उत्तराची वाट बघत बराच वेळ उभ्या राहिल्या. परतताना बसस्टँडवर मला म्हणाल्या, “बाई, मला सगळं पाठ करावं लागतं. तुम्हाला न शिकताच येतं, न्हवं?” मी “काय तरीच तुमचं” म्हणून विषय टाळला. त्या दिवशी मी थोडं थांबायला हवं होतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर माझे यजमान गेले. भेटायला येणारी प्रत्येक बाई गळ्यात पडून रडून गेली. आक्का आल्या, शेजारी बसल्या. अर्ध्या तासाने विचारलं, “गॅस बुक केलाय?” माझ्या जाऊबाई अजून ते डोळे मोठे करून सांगतात. गॅस बुक केलेला नव्हता, हे मात्र सांगत नाहीत.

शाळेत परतले तर वेळापत्रकात माझा शेवटचा तास रोज मोकळा. का, म्हणून विचारलं. “शेवटच्या तासाला तुमचा आवाज जातो,” आक्का म्हणाल्या आणि वह्या तपासायला लागल्या.

मग संक्रांत आली. आमच्या शिक्षकखोलीत दरवर्षी हळदीकुंकू होतं. त्या दिवशी मी आपणहून वाचनालयात जाऊन बसले. जा असं कुणी म्हटलं नव्हतं. थांबा असंही कुणी म्हटलं नाही. वाण वाटायची पाळी त्या वर्षी आक्कांची होती. खडेबाजारात जाऊन, एकेक झाकण लावून बघून त्यांनी स्टीलच्या डब्या आणल्या होत्या.

थोड्या वेळाने दार उघडलं. हातात तबक घेऊन आक्का उभ्या. “बाई, तुमचं नाव सातवं आहे. सहावं झालं.”

त्यांच्या मागोमाग मुख्याध्यापिका धावत आल्या. “अहो आक्का, त्यास्नी न्हाय लावायचं! एवढं कसं कळत न्हाय तुम्हाला?”

“यादीत अठरा नावं आहेत. अठरा डब्या आणल्यात. सातवं झाल्याशिवाय आठवं कसं करू?”

आणि त्यांनी माझ्या कपाळावर बरोबर मधोमध कुंकू टेकवलं. हातावर तिळगूळ ठेवला, डबी दिली. माझा बांध फुटला. आक्का शेजारच्या खुर्चीवर बसल्या. जरा वेळाने म्हणाल्या, “पाणी आणू?”

शिक्षकखोलीत त्यावर पडदा पडला तो असा, “जाऊ द्या, त्यांना कळतच न्हाय.” सगळ्यांची सोय झाली. माझी नाही झाली. दोन महिन्यांत मला माणसात धरलं ते एकट्या आक्कांनी, आणि तेही काय चुकून? विचारायचा धीर झाला नाही. ‘व्हय, चुकलंच ते,’ असं त्या तोंडावर म्हणाल्या असत्या तर?

पुढे आक्का निवृत्त झाल्या आणि गेल्या वर्षी वारल्या. मी त्यांच्या गावी गेले. धाकट्या बहिणीने एक जुनी वही हातात दिली. “मराठीच्या बाईस्नी द्या म्हणून लिवून ठेवलंय आक्कानं.”

आत क्रमांक घालून नियम लिहिले होते. ‘साडी कशी आहे असे विचारल्यास छान म्हणणे. दुसरे उत्तर चालत नाही.’ मला हसू आलं. ‘रडणाऱ्यास कारण विचारू नये. शेजारी बसावे. नंतर पाणी विचारावे.’ चाळीस वर्षांची माणसांची शिकवणी, तीही कुणी न शिकवता घेतलेली.

एका पानावर त्या संक्रांतीच्या आदल्या आठवड्याची तारीख होती. खाली लिहिलं होतं, ‘नवरा वारलेल्या बाईस हळदीकुंकू लावत नाहीत. तिघींना कारण विचारले. कुणालाही सांगता आले नाही. हा नियम पाळू नये.’

म्हणजे आक्कांना कळत होतं. आम्हा अठरा जणींपेक्षा जास्त कळत होतं.

पुढची अक्षरं मला दिसेनात. बहिणीने काय झालं म्हणून विचारलं नाही. ती माझ्या शेजारी येऊन बसली. जरा वेळाने म्हणाली, “बाई, पाणी आणू?”