पानाच्या विणीची सातवी ओळ

माझ्या लेकीला तिसाव्या वर्षी शोध लागला, की स्वेटर हाताने विणता येतो. ही बातमी तिने आम्हाला अशा आवाजात दिली, जणू आजवर आम्ही झाडाच्या साली गुंडाळून दिल्लीची थंडी काढत होतो.

"मम्मा, इतकं शांत वाटतं यार! आजीकडे ओरिजिनल पॅटर्न असतील ना? एकदम व्हिंटेज?"

आजी म्हणजे माझी आई. वय पंच्याऐंशी. मयूर विहारच्या आमच्या बाल्कनीत उन्हाला पाठ देऊन ती मटार सोलत होती.

"व्हिंटेज म्हणजे काय गं?" तिने मला विचारलं.

"जुनंच. पण आता कौतुकाचं."

"मग मला का नाही म्हणत कुणी?" असं म्हणून तिने पलंगाखालच्या पेटीकडे बोट दाखवलं.

पेटीतून वही निघाली. आई केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून होती, आणि वहीही अर्थात सरकारचीच होती. आत मासिकांतली कात्रणं, बटर पेपरवर उतरवलेली फुलं, आणि आईच्या टपोऱ्या अक्षरात विणींचे नमुने, ओळीला क्रमांक देऊन. लेकीने वही छातीशी धरून फोटो काढला. मग वाचायला बसली आणि पहिल्याच शब्दाला अडली.

"सुलट म्हणजे?"

"सीधा."

"अच्छा, म्हणजे उलट म्हणजे उलटा. लॉजिकल आहे."

सोसायटीतल्या अजून पाच जणींना तिने गोळा केलं. शनिवारी दुपारी हिरवळीवर बैठक बसू लागली. बांबूच्या सुया आल्या, कुठल्या तरी थंड देशातल्या मेंढ्यांची लोकर आली, कॉफीचे थर्मास आले. पहिले दोन शनिवार तर लोकरीचे फोटो काढण्यातच गेले. "आम्ही सुई मोडली तर सायकलच्या तारेवर विणायचो," आई म्हणाली. तर त्यातल्या एकीने डोळे मिटून "वाव, आजी," असा सुस्कारा सोडला. आईला वाटलं तिला दम्याचा त्रास आहे.

त्यांनी निवडली पानाची वीण. त्या विणीचा जन्म मी डोळ्यांनी पाहिलेला आहे.

आम्ही तेव्हा सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. आई साताऱ्याची. तिकडे थंडीला एक शाल पुरायची. दिल्लीच्या पहिल्याच हिवाळ्यात तिला कळलं, की इथे बाईची किंमत तिच्या नवऱ्याच्या अंगातल्या स्वेटरवरून ठरते. जेवणाच्या सुट्टीत कार्यालयांसमोरच्या हिरवळीवर बायका विणत बसायच्या. ती सुट्टी चार वाजेपर्यंत चालायची. संत्री, शेंगदाणे, सासवांच्या चहाड्या सगळ्यांत वाटल्या जायच्या. नमुना मात्र कुणी वाटत नसे. कुणी विचारलं तर विणकाम पटकन पिशवीत जायचं.

एकदा बसमध्ये आमच्यापुढे एक बाई बसली. तिच्या पाठीवर पानांची नक्षी होती, पानांच्या कडेने बारीक जाळी. आईने माझा दंड धरला. "तू जाळ्या मोज," ती कुजबुजली, "मी पानं मोजते." आमचा स्टॉप आला आणि गेला. बाई उतरली तेव्हा आम्हीही उतरलो आणि तिच्या मागून चालत राहिलो, पाठीवर डोळे लावून. शेवटी ती वळून म्हणाली, "क्या चाहिए आपको?" आईने तिला एका गल्लीचा पत्ता विचारला, जी दिल्लीत कुठेच नव्हती. घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता. बाबा दारात उभे होते. आईने त्यांना एक शब्द बोलू दिला नाही. "थांबा, विसरेन," म्हणून तशीच सुया घेऊन बसली. मी शेजारी उभी राहून जाळ्यांचा आकडा घोकत होते. मी आठ वर्षांची होते.

महिनाभराने बाबा तो स्वेटर घालून कार्यालयात गेले. वरच्या मजल्यावरची पंजाबी आंटी दुसऱ्या दिवशी खाली आली. आईने हसत वही उघडली आणि नमुना उतरवून दिला. आंटी गहिवरून म्हणाली, "आप मराठी लोग कितने सीधे होते हो."

तर हा नमुना आता लेकीच्या मंडळाने घेतला. पाचव्या शनिवारी ती घरी आली तीच रडकुंडीला. सहाही जणींचे स्वेटर खाली कमरेला बरोबर होते, पण वर वर रुंद होत गेले होते. छातीपाशी तर दोन माणसं मावतील एवढा घेर. स्वेटर कसला, नरसाळंच ते.

"आम्ही वर्ड टू वर्ड केलंय, आजी! सगळं पूर्ण उधेडावं लागणार."

"उसवावं लागणार," आईने मराठी सुधारलं. मग स्वेटर हातात घेऊन उलटापालटा केला आणि खुदकन हसली. "सातव्या ओळीत शेवटी दोन टाके एकत्र घ्यायचे असतात. म्हणजे जाळीने वाढलेला टाका कमी होतो. तुम्ही घेतले नाहीत."

"वहीत तसं लिहिलंच नाहीये!"

"वहीत कसं असेल? ती वही मागणाऱ्यांसाठी होती."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "म्हणजे वरच्या आंटीला..."

"तीन वेळा उसवला तिने," आई समाधानाने म्हणाली. "तिनेही मला राजम्याची कृती दिली होती. त्यात काय गाळलं होतं, ते मला अजून सापडलेलं नाही."

"आणि तुझी खरी वही?"

"मला कशाला वही? माझं डोक्यात. पण वहीतून उतरवून दिलं की लोकांना खरं वाटतं."

लेक हसत सुटली. मला हसू येईना. माझ्या लग्नाआधी आईने याच वहीतून पानाची वीण माझ्याकडून उतरवून घेतली होती. सासरी दोन हिवाळे मी नवऱ्याचा स्वेटर विणत आणि उसवत होते. सासूबाईंनी चार पाहुण्यांत सांगितलं होतं, "नोकरी करणाऱ्या मुलींना हे जमत नाही हो." त्यांचं मला पटलं होतं. पुढे तीस-पस्तीस वर्षं मी सुईला हात लावला नाही. सगळ्यांना तयार स्वेटर आणले, आणि हाताला वळण नाही हे हसत हसत स्वतःच सांगत राहिले.

"मलाही तेच दिलंस?" मी विचारलं.

"तू जावांना दिलं असतंस. तुझ्या पोटात काय राहतं?"

"आई, जाळ्या मी मोजल्या होत्या."

"मोजल्या होत्यास. पण पानं मी मोजली," ती म्हणाली आणि मटार पुढे ओढले.

दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. तिला फरक पडला नाही. उलट ती जरा जास्तच जेवली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने मला हाक मारली, लेकीची बांबूची सुई पुढे केली आणि म्हणाली, "घाल टाके. एकशे दहा." माफी वगैरे काही नाही. शेजारी बसून ओळ ओळ सांगू लागली. सातव्या ओळीला तिने माझं बोट धरलं आणि दोन टाके एकत्र घेतले. राग गेला होता असं नाही. पण त्या बोटाला वळण होतं, हे त्याच दुपारी मला कळलं.

तिकडे मंडळाला दुरुस्तीची गरजच उरली नाही. एकीने नरसाळं उलटं करून डोक्यातून घातलं. कमरेची पट्टी गळ्याशी आली आणि घेर दंडांवर पसरला. त्याचा केप झाला. इंटरनेटवर टाकलेल्या फोटोंखाली अनोळखी बायका तो नमुना मागू लागल्या. लेकीने वहीच्या पानाचा फोटोच तिथे टाकला. आईने तिला खरी सातवी ओळ दोनदा सांगून पाहिली. "नको आजी, असंच जास्त ऑथेंटिक आहे," लेक म्हणाली. आयुष्यभर राखलेली गोष्ट फुकट द्यायला निघावं आणि घ्यायलाच कुणी नसावं, हे आईला फार लागलं. तिने दोन दिवस मौन धरलं. या वेळी मी जरा जास्त जेवले.

माझा स्वेटर संक्रांतीला पूर्ण झाला. गडद हिरवा, सरळ, पान न पान जागच्या जागी. तो घालून मी आईला घेऊन हिरवळीवर गेले. केप घातलेल्या एका मुलीने माझी बाही चिमटीत धरून पाहिली.

"आंटी, ये तो रेडीमेड है ना?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात आईने माझा हात दाबला. तिचा चेहरा उजळला होता. तिच्या काळी विणणाऱ्या बाईला याहून मोठी शाबासकी कुणी देत नसे.

"हाँ बेटा," आई म्हणाली, "बिल्कुल रेडीमेड."