टपात पडणारा पोलीस

तंबू सिनेमात काम केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. तंबू उखडून खुंट्या गाडीत टाकल्या की तेही आपोआप मागून चढून बसतात!

आमच्या नानांचा तंबू नगर जिल्ह्यात गावोगाव फिरायचा. मोठ्या पिक्चरच्या आधी एक छोटी विलायती मूक फिल्म लागायची. लठ्ठ पोलीस एका काटकुळ्याच्या मागे लागतो, काटकुळा चटकन बाजूला होऊन लाथ घालतो, आणि पोलीस पाण्याच्या टपात! बस्स, एवढंच. मी भोंग्यातून गोष्ट सांगायचो. लोक मोठ्या पिक्चरला जांभया द्यायचे आणि टपासाठी पुन्हा यायचे.

*

पडदा तंबूच्या मधोमध असायचा. पुरुष अलीकडे, बायका पलीकडे. त्यामुळे बायकांना चित्र उलटं, उजव्याचं डावं दिसायचं.

केडगावात एक नवरा-बायको सकाळीच भांडत तंबूवर आले.

"लाथ उजव्या पायानं घातली!"

"डाव्या! मी काय आंधळी हाय?"

नाना म्हणाले, "दोघांचं बी खरं हाय. पन घरी भाकरी कोन थापतं?"

नवऱ्याने बायकोकडे बघितलं आणि म्हणाला, "डाव्याच!"

*

राजूरला एक गुरुजी आले. या हसण्याने पोरं बिघडतात अशी त्यांची तक्रार. स्वतः तपासतो म्हणाले. नानांनी मानाने पुढे बसवलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! मी विचारलं, "गुरुजी, काल तपासलंत ना?"

"काल हसण्यात अर्धं बघायचं राहून गेलं."

*

पाथर्डीकडच्या एका गावात बंदोबस्ताचा हवालदार रोज सगळ्यात जोरात हसायचा. पण पोलीस टपाजवळ आला की आधी स्वतःची टोपी काढून मांडीखाली सारायचा.

मी म्हणालो, "हवालदार, टोपी का काढता?"

"डोक्यावर सरकार असल्यावर हसू येत न्हाई, बाबा!"

*

आता शेवटचा. दिवस 'चले जाव'चे होते. चार माणसं एकत्र आली तरी सरकार लाठ्या घेऊन धावायचं, आणि आमच्या तंबूत तर अख्खं गाव पोलिसाला हसायचं! एका गावात आठवडाभर खेळ रंगला आणि नवे फौजदार नानांसमोर येऊन उभे राहिले.

"पोलीस पडतो तेवढं कापा. नाहीतर लायसन जप्त!"

लायसन गेलं तर तंबू गेला. तंबूवर आम्हा सगळ्यांच्या चुली होत्या. माझ्या अंगाची आग झाली. राज्य करायचं करा, पण आम्ही कशाला हसायचं तेही तुम्हीच ठरवणार?

नाना शांतपणे ऑपरेटरला म्हणाले, "काप. पन त्याची जागा कापू नको. तेवढीच कोरी फिल्म जोड."

संध्याकाळी फौजदार खात्री करायला आले. खुर्ची त्यांनी ऐन मधोमध मांडून घेतली. फिल्म सुरू झाली. पोलीस धावला, काटकुळा बाजूला झाला, त्याने पाय उचलला... आणि पडदा पांढराफटक! मीही भोंगा खाली ठेवला.

क्षणभर नुसती मशीनची घरघर. मग बायकांच्या बाजूने कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरी, आणि मग सगळा तंबू! आठवडाभर बघितलेला पोलीस प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे टपात पडत होता. कोऱ्या कापडाकडे बघून माणसं पोट धरून लोळत होती. सांगतो, तसा आनंद मला पुन्हा झाला नाही.

फौजदार ताडकन उठले. "कोण हसतंय? काय आहे तिथं हसण्यासारखं?"

उठले ते नेमके मशीनच्या झोतात. पडद्यावर टोपी, मिशा आणि पोटासकट त्यांची ही एवढी मोठी सावली पडली.

पलीकडून एक म्हातारी ओरडली, "आला गं बाई, आला! आता पडंल बघा!"

तंबू फाटतो की काय असं वाटलं.

"कापा! कापा म्हणतो ना!" फौजदार किंचाळले.

नाना हात जोडून पुढे झाले. "फिल्ममधला सकाळीच कापला, सायेब. आता जो उभा हाय, त्याला कसा कापू?"