तृप्तीचा माऊस आणि आमचा माग

आमच्या तृप्तीला कुणी कामचोर म्हटलं ना, तर माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माझी धाकटी जाऊ आहे म्हणून सांगत नाही. इतवाऱ्यातल्या आमच्या घरात समाधान भाऊजींचे, म्हणजे तिच्या नवऱ्याचे, दोन पॉवरलूम दिवसभर धडधडतात. त्या गोंगाटात ही बाई घरबसल्या एका मिक्सरच्या कंपनीचं काम करते. गिऱ्हाईक लॅपटॉपवर लिहून विचारतं, ही लिहून उत्तर देते. शिव्या देणाऱ्यालाही 'जी सर' लिहिते. मी असते तर मिक्सरसकट त्याला... जाऊ द्या.

लॅपटॉप कंपनीचाच. गिऱ्हाईक नसलं की ही वाट बघत बसते, आणि पाच मिनिटं हात लागला नाही की मेला स्लीप मोडमध्ये जातो. स्क्रीन काळी, लॉगिन तुटलं, आणि तिकडे हिच्या नावापुढे 'जागेवर नाही' लागतं. अशा नोंदी वाढल्या की हातात नारळ! सेटिंग बदलावी तर तिला कंपनीनं कुलूप घातलेलं. कशाला? तर वीज वाचवायला म्हणे! अरे, बिल तुमचा बाप भरतो का?

म्हणून ती जेवताना डाव्या हातानं माऊस हलवायची. बाथरूमला जायचं तरी हाक, "ताई, जरा हलवता का?" कणकेचे हात घेऊन मी पळायची. शेवटी भाऊजींनी तिचं टेबल मागाला चिकटवून ठेवलं. माग चालला की टेबल थरथरतं, माऊस आपोआप हलतो, लॅपटॉप झोपत नाही. बढिया काम झालं.

महिनाभरानं कंपनीतल्या तिच्या साहेबांचा, योगेंद्र सरांचा, व्हिडिओ कॉल आला. "जेवणाच्या सुट्टीतही माऊस हलतो. मशीन लगाके कंपनी को चूना लगा रही हो?" चूना! तापानं फणफणत असताना काम केलंय हिनं. मी पदर खोचून पुढे झाले, पण तृप्तीनं मला थोपवलं आणि लॅपटॉप उचलून मागाकडे फिरवला.

"हीच ती मशीन, सर. हिच्यावर आमचं घर चालतं."

"मग ड्युटीच्या वेळेत बंद ठेवा."

"माग बंद होणार नाही." तृप्ती म्हणाली. "तुमचं कुलूप काढा. माझं एक तरी उत्तर उशिरा गेलं असेल तर दाखवा. नाहीतर चूना हा शब्द परत घ्या."

दाखवायला त्याच्याकडे काही नव्हतं. शब्दही परत घेतला नाही मेल्यानं. संध्याकाळी सेटिंग उघडली, पण फक्त हिची, आणि वर बजावलं की कुणाला सांगू नका. बाकीच्या पोरींनी बसावं माऊस हलवत!

मीच म्हटलं, "जाऊ दे बाई, तुझं तर झालं ना. नोकरी सांभाळ."

तृप्ती माझ्याकडे वळली. "ताई, तुमी पण?"

मग कामावरच्या सगळ्या पोरींच्या ग्रुपवर तिनं सगळं लिहून टाकलं, आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं.