लेबलांच्या मशीनची परवानगी

इंडोनेशियातल्या सोलो शहरात जामू, म्हणजे हळद-चिंचेचा काढा, विकणाऱ्या बायकांच्या संस्थेत साठीच्या सुमिराकाकू चिटणीस होत्या. संगणकाला यूएसबीनं जोडलेलं लेबलांचं मशीन मात्र संस्थेचा संगणक सांभाळणाऱ्या दार्सोनोच्या खात्याचंच ऐके. आज त्याच्याच लेकीचं लग्न, आणि दोनशे बाटल्यांचा ट्रक दुपारी निघायचा होता.

काकूंनी फोन लावला, तेव्हा रीतीप्रमाणे दार्सोनोच्या एका मांडीवर लेक आणि दुसरीवर जावई बसला होता.

"कोण जड?" त्याच्या बायकोनं विधीतला प्रश्न विचारला.

"दोघं सारखीच!" म्हणत त्यानं फोन कानाला लावला. "बोला काकू, मांड्या मोडतायत!"

"मेल्या, तुझ्यावाचून मशीन हलत नाही!"

त्यानं आपला पासवर्ड भर मांडवात ओरडून सांगितला. "परवानगीच्या गटात सगळ्यांची नावं घाला!"

काकूंनी आपल्या खात्यात बसूनच तो पासवर्ड देऊन चौदा नावं घातली. मशीन ढिम्म.

"आता तुमच्या खात्यातून बाहेर पडून पुन्हा शिरा, काकू! त्याशिवाय परवानगी लागू होत नाही!"

काकूंनी स्वतःचं खातं बंद करून पुन्हा उघडलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि बटण दाबलं. सर्रकन लेबल बाहेर आलं. बायका किंचाळल्या, फोनमधून मांडवही ओरडला. मग प्रत्येकीला आपल्याच हातानं छापायचं होतं. ट्रक वेळेवर निघाला, फक्त ड्रायव्हरच्या पाठीवर तीन लेबलं चिकटलेली होती.