मामांचा चौपट कॉम्प्युटर

आमच्या हिच्या मामांनी आजवर ज्या ज्या वस्तूला हात लावला ती एक तर पळाली, नाहीतर जळाली. तिसरी गत मी पाहिलेली नाही. भुईगावातल्या त्यांच्या घरात शिरताना मी आजही आधी छताकडे बघतो. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा मिक्सरचं झाकण माझ्या कानाजवळून गेलं होतं. मामांनी त्याला कुठल्याशा मोठ्या यंत्राची मोटर बसवली होती! मी तर दारातच खाली बसलो. मामा मात्र खूश. "बघितलंत जावई? खोबरं क्षणात बारीक!" खोबरं भिंतीवर होतं. रोझरीच्या प्रार्थनेला आम्ही 'नमो मारिया'च्या मध्यावर असतो तेव्हा मामा आमेनवर पोहोचून आमची वाट बघत असतात. फादर एकदा वैतागून म्हणाले, "अहो, देवाला ऐकू तरी जाऊ द्या." चहा निवेपर्यंतही यांना धीर नाही, तोंड भाजून घेतात आणि दोष चहाला देतात.

पण त्यांचा खरा जीव मस्कतच्या नोकरीतून आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर. कीबोर्डच्याच पोटात सगळं, टीव्हीला जोडायचा, गेम कॅसेटवरून चढायचा. त्यातल्या विटा फोडायच्या गेममध्ये मामींचा हात धरणारा अख्ख्या आळीत कोणी नव्हता. खाली फळी, वर विटा, मध्ये चेंडू. भाच्यांची पार जिरवून मामी शांतपणे मासे साफ करायला उठायच्या.

मग मामींना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला, नजर मंदावली. दिवसभर खिडकीशी बसायच्या, बोलेनाशाच झाल्या. मामांना औषध एकच ठाऊक: वेग. त्यांनी कॉम्प्युटर सोलला! नवा प्रोसेसर, वाढीव मेमरी, कॅसेटऐवजी मेमरी कार्ड. प्रोसेसर तापू नये म्हणून वर पत्रा हवा, तर स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियमच्या पातेल्याला चौकोनी भोक! मी डोळे फाडून बघतच राहिलो. "पातेलं जुनंच होतं," मामा म्हणाले. "आता मशीन चौपट धावेल. ही परत खेळते की नाही बघा."

रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर सगळ्यांसमोर गेम लावला. मशीन चौपट म्हणजे चेंडूही चौपट, हे या गृहस्थाच्या ध्यानातच आलं नव्हतं! डोळ्याचं पातं लवायच्या आत खेळ खलास. मामींनी डावा हात मांडीवर घेतला. "मला चेंडूच दिसला नाही हो," म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. मला मामांचा असा राग आला म्हणून सांगू! आणि त्यांचा पडलेला चेहरा पाहून तितकंच वाईटही वाटलं.

पुढच्या खेपेला चंदनसारच्या आमच्या घरून आम्ही पोहोचलो तेव्हा मामा पुन्हा मशीन उघडून सोल्डरिंग करत बसलेले. "आता आठपट?" मी धसकून विचारलं. मशीनच्या अंगाला जुन्या रेडिओचं गोल बटण आलं होतं. मामांनी मामींना हाताला धरून समोर बसवलं आणि ते बटण डावीकडे पिळलं, पार शेवटपर्यंत. चेंडू निघाला तो मूळच्यापेक्षाही हळू. मामींनी डाव्या हाताने फळी सरकवली. टक! वीट फुटली. मग दुसरी. पण मी हबकलो ते मामांना बघून. हा माणूस चक्क हलत नव्हता. शेजारी ठेवलेल्या त्यांच्या चहावर साय धरली होती.

"अहो, वाढवा ना जरा," मामी म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी हसत होत्या. "नुसता रांगतोय."

मामांनी बटणावरचा हात हलवला नाही.

"असू दे गं," ते म्हणाले, "घाई कसली आहे?"