पाठ उघडी ठेवलेला रोबोट

नव्याने खेळायला आलेल्या माणसाला मी आता सगळ्यात आधी एकच गोष्ट विचारते. मार बसायला लागला की तुम्ही वळून पळता, की तिथंच उभे राहता? बहुतेकांना हा प्रश्न आवडत नाही. त्यांना शस्त्रांबद्दल बोलायचं असतं, करवत घ्यावी की हातोडा, रंग कोणता द्यावा. पण रोबोट आपल्या स्वभावाच्या मापाने बांधावा लागतो. हे मला कळलं ते आत्यामुळे, जिने तोपर्यंत मोबाइलवर फक्त कीर्तनं आणि म्हशींच्या बाजाराचे व्हिडिओ पाहिले होते.

खेळ ऑनलाइन आहे. दोन संघ, एक बंद मैदान, प्रत्येकाचा एक लढणारा रोबोट. सांगाडा, चाकं, बॅटरी, चिलखत, शस्त्र हे सगळं आपणच निवडून जोडायचं. प्रत्येक वस्तूला वजन असतं. वजन वाढलं की वेग कमी होतो आणि बॅटरी लवकर संपते. सगळी गंमत त्या वजनात आहे.

आमचा संघ कोल्हापूर आणि आसपासच्या लोकांचा. कप्तान गारगोटीचा, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणारा. खेळताना सगळे माइकवर ओरडत असतात. मी कधीच बोलत नसे. लिहून सांगायचे, तेही इंग्रजीत, त्यामुळे माझं नाव ‘मुकं पावणं’ पडलं होतं. मी मुलगी आहे हे कुणाला माहीत नव्हतं आणि ते तसंच राहावं असं मला वाटे. शिवाय मी इंग्रजी शाळेत शिकले. माझं मराठी तोंडातून बाहेर पडलं की पुस्तकातून कापून आणल्यासारखं वाटतं. लहानपणी सुट्टीत गावाला गेलं की चुलत भावंडं माझी वाक्यं मलाच पुन्हा म्हणून दाखवत. मग मी वाक्यं कमी केली.

आत्या गडमुडशिंगीत राहते. गोठ्यात पाय घसरून तिचा गुडघा गेला, ऑपरेशन झालं आणि ती कळंब्याला आमच्या फ्लॅटवर विश्रांतीला आली. तिला माझी खोली मिळाली, म्हणजे मला ती मिळाली. दोन दिवस तिने खिडकीतून पार्किंग पाहिलं. तिसऱ्या दिवशी माझ्या मागून वाकून विचारलं, “हे लोखंडाचं रेडं तुझं हाय?”

“रोबोट आहे, आत्या.”

“आसंना का. मला बी एक दे.”

मी जुन्या टॅबवर तिचं खातं उघडून दिलं. तिने आधी शिंगं घेतली. दुकानात होती त्यातली सगळ्यात मोठी. मग चारी बाजूंनी जाड पत्रे, पाठीवर झूल, दोन झेंडे, लाल गोंडे. बेंदराला बैल नटवतात तसा तो रोबोट नटला. मी म्हटलं, हे जड होईल. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पहिल्याच लढतीत तो डुलत डुलत मैदानाच्या मधोमध गेला आणि बंद पडला. समोरच्यांनी आळीपाळीने येऊन त्याला कापला.

“थांबलं का हे?”

“बॅटरी संपली.”

“मग घाल की दुसरी.”

“आता नाही घालता येत. वजन कमी करायला हवं.”

“वजन कमी करून काय पाप्याचं पितर पाठवू मैदानात?”

मी बॅटरीचं गणित समजावू लागले. तिने जांभई दिली. मग मला उसाचे दिवस आठवले. “ट्रॉलीत ऊस जास्त भरला की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात ना, तसं.”

ती माझ्याकडे वळली. “मग असं सांग की आधी. बॅटऱ्या काय सांगत बसलीयास.”

नव्या खेळाडूला कोणता रोबोट बांधून द्यावा हे मला पाठ होतं. तोच मी तिला बांधून दिला. हलका सांगाडा, चपळ चाकं, एक छोटी करवत. मारायचं आणि पळायचं. आत्याने तो फिरवून पाहिला आणि म्हणाली, “ही शेळी कुणाची?” तरी खेळली. तिने मारलं, पण पळाली नाही. समोरच्याला चिकटून उभी राहिली आणि त्याच्या हातोड्याखाली चेपली गेली.

“आत्या, मारून मागे यायचं.”

“का?”

“मार बसतो.”

“बसू दे की. लढायला आल्यावर मार बसायचाच.”

मी चिडले होते, पण चेहऱ्यावर आणलं नाही. ते मला जमतं. लढत संपली की रोबोटला जिथं मार बसला तिथं लाल डाग दाखवतात. मी तिच्या सगळ्या लढती पुन्हा पाहिल्या. डाग फक्त पुढे होते. पाठ स्वच्छ. ही बाई कधी वळतच नव्हती. म्हणजे पाठीवरचं चिलखत हे तिच्यासाठी नुसतं ओझं होतं, आणि करवत तिच्या हातातली नव्हतीच.

मी पाठीचे पत्रे काढले. वाचलेल्या वजनात मोठी बॅटरी बसली आणि शिंगं परत आली. रुंद चाकं लावली, म्हणजे रेटताना घसरायला नको. झूल आणि झेंडे गेले. एक लाल गोंडा तिने सोडला नाही.

यात धोका एकच होता. कुणी मागून आला की खेळ संपला. म्हणून आत्या खेळायची तेव्हा मी माझा रोबोट सांभाळत तिच्या शेजारी पलंगावर बसायचे. डावीकडून कुणी आला की तिच्या डाव्या खांद्यावर टिचकी, उजवीकडून आला की उजव्या. ती क्षणात वळून शिंगं लावायची. संघात एक जागा रिकामी होती, तिथं मी तिला घातलं. तिचा माइक कायम चालू. दोन संध्याकाळींत ती सगळ्यांची आत्या झाली. माझ्याबद्दल काही सांगू नकोस, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

“न्हाय सांगत,” ती म्हणाली. “पण त्यात लपवायसारखं काय हाय, ते मला कळंना.”

टाके निघाले, काठी मिळाली आणि माझा आतेभाऊ येऊन तिला घेऊन गेला. टॅब तिने पिशवीत घातला होता.

गावाकडून खेळलेल्या पहिल्याच लढतीत तिच्या मागून एक करवतवाला आला. मी घाईने चॅटमध्ये लिहिलं. तिने पाहिलं नाही. दुसऱ्या लढतीतही तेच. “पावणं, नुसतं टाइप करून काय उपेग?” कप्तान मला म्हणाला. “त्यास्नी दिसत न्हाय ते.”

“मी वाचू का मारू?” आत्या म्हणाली.

स्पर्धा जवळ आली होती आणि कप्तानाला पक्के पाच जण हवे होते. तो जरा अडखळत म्हणाला, “आत्या, वाईट वाटून घेऊ नगासा. रविवारी एकदा खेळू. टिकलासा तर ऱ्हावा. न्हायतर बघायला येत जावा.”

संध्याकाळी तिचा फोन आला. “मागचे पत्रे परत लावूया काय?”

पत्रे लावले तर शिंगं किंवा बॅटरी जाणार होती. “नको,” मी म्हटलं.

“मग मागचं सांगणार कोण मला?”

तिच्याकडे म्हैस ओरडली, कुणीतरी बादली ठेवली.

“बघ बाय,” ती म्हणाली. “जमलं तर बघ. इथं समदी म्हणत्यात, तू बस, तू काय करू नगंस. सुनंनं धारंची किटली बी हातातनं काढून घेतली. तिथं तेवढं मला कोण बस म्हणत न्हाय.”

रविवारी मी खोलीचं दार लावलं. स्वयंपाकघरात आईचा मिक्सर चालू होता, माइक सुरू केला तर तो ऐकू जाईल, असं न बोलण्याचं कारण मी स्वतःला दिलं. मिक्सर थांबला. लढत सुरू झाली. आत्याने एकाला शिंगांवर घेऊन भिंतीपर्यंत रेटत नेलं आणि तेवढ्यात डाव्या कोपऱ्यातून एक करवतवाला निघाला. माझं बोट माइकच्या खुणेवर होतं. तिचा खांदा तिथं नव्हता.

“आत्या, डावीकडून.”

माझा आवाज बारीक आला. पण शब्द संपायच्या आत ती वळली होती.

“कोण बोललं रं?” कप्तानाने विचारलं.

“आत्या, आता उजवीकडे. त्याची बॅटरी संपत आली आहे, सोडू नकोस.”

“बातम्या सांगितल्यागत बोलतंय,” दुसरा कुणीतरी म्हणाला, “पण बरोबर बोलतंय.”

तेच वाक्य, ज्याची मला इतकी वर्षं भीती होती. ते आलं आणि गेलं, आणि मला पुढचा करवतवाला दिसत होता, म्हणून मी बोलतच राहिले.

लढत आम्ही थोडक्यात हरलो. पण वेळ संपली तेव्हा आमच्या बाजूने एकच रोबोट उभा होता, आणि त्याला लाल गोंडा होता.

“आता सांगा,” कप्तान म्हणाला. “ह्या कोण?”

आत्याच्या माइकवर नुसता गोठ्याचा आवाज येत होता. मला माहीत असलेली सगळ्यात मोठ्याने बोलणारी बाई गप्प बसली होती. तिने कबूल केलं होतं ना.

“मी,” मी म्हटलं. “मुकं पावणं.”

मग कप्तान हळू आवाजात म्हणाला, “म्हंजे एवढे दिवस आमचं समदं ऐकलंय व्हय तुम्ही? मी बायकोचं सांगत हुतो ते बी?”

“ते पण.”

हसण्याने माझे हेडफोन फाटायला आले. त्यात आत्याचं हसू सगळ्यांच्या वर होतं. हसणं ओसरल्यावर कप्तानाने सांगितलं की आत्या राहतील, फक्त त्यांच्या मागचं बघणारं माणूस रोज बोलत पाहिजे. मग तो म्हणाला, “आणि ताई, माझ्या रोबोटचं बी बघा की जरा. पत्रे लई लावलेत, पळता येत न्हाय.”

मी त्याला विचारलं, “मार बसायला लागला की तुम्ही पळता का?”

“म्हंजे, कसं हाय,” तो सुरू झाला.

“पळतंय ते,” आत्या म्हणाली. “मी बघितलंय.”